उजव्या पावलाचा उशीर

बाबा गेल्यापासून मला बसवत नव्हतं. छापखान्यात प्रुफं हातात घेऊन मी खिडकीशी उभी राहायचे, उभ्यानेच तपासायचे, मग कागद तसाच धरून टेबलांमधून फिरायला लागायचे. "अगं, एका जागी टेक की जरा, माझे डोळे फिरले," असं मांडणी करणाऱ्या बाई म्हणायच्या. घरी आल्यावर आई विचारायची, "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" मी हो म्हणायचे आणि गॅलरीत एक चक्कर मारून यायचे.

त्यामुळे ड्रायव्हरकाका दारात येऊन "आता बँडचं तूच बघ" म्हणाले, तेव्हा मी फारसा विचार केला नाही. निदान तिथे चालायचं काम होतं.

ड्रायव्हरकाका बाबांचे जुने मित्र. आयुष्यभर बस चालवली आणि आमच्या वस्तीच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवला. बाबा बँडमास्तर. दिवसा टेलिफोनच्या तारा दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी पोरं. बँड म्हणजे फार काही नाही: चार-पाच ट्रम्पेट, क्लॅरिनेट, साइड ड्रम, झांजा, आणि निळे गणवेश, जे प्रत्येक पिढीत कोणाला तरी आखूड व्हायचे.

"काका, मला ट्रम्पेट धड धरताही येत नाही."

"वाजवायला कोण सांगतंय? वाजवणारे आहेत. पुढं चालणारं कोणी नाही."

"लहानपणी चालले होते तेवढंच. मग सोडलं."

"सोडलं कुठलं, पुस्तकांनी पळवलं तुला. पाय कुठं विसरतात, पोरी?"

अडचण अशी होती की शहरातल्या सगळ्या वस्त्यांच्या बँडांचं एकत्र संचलन जवळ आलं होतं आणि ते भरवणाऱ्या समितीने यंदा ठरवून टाकलं होतं: ज्या बँडला चार भरलेल्या रांगा उभ्या करता येणार नाहीत, त्याची मुलं शेजारच्या बँडमध्ये जातील आणि तो बँड बंद होईल. आमच्याकडे जेमतेम दोन रांगा होत्या. बाबांच्या आजारपणात नवीन मुलं आलीच नव्हती. शेजारचा बँड पीटीच्या सरांचा होता. सरांना शिट्टीचा फार शौक. बाबा त्या बँडला 'शिट्टी आणि इतर वाद्ये' म्हणायचे.

तो बँड आपल्याला गिळेल या विचाराने मला जेवण जाईना, असं म्हटलं तर खोटं ठरेल, कारण जेवण आधीपासूनच जात नव्हतं. पण संध्याकाळी बाबांच्या वाटेने जाणारं कोणीच उरणार नाही, तालमीची खोलीसुद्धा दुसऱ्या कोणाला देऊन टाकतील, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

आम्ही भरतीला निघालो. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी, सुटायच्या वेळी, काका मोठा ड्रम गळ्यात अडकवून उभे राहिले. त्यांचं म्हणणं, गूळ ठेवला की मुंगळे येतात आणि ड्रम वाजला की पोरं. पोरं आली. सगळ्यांना ड्रमच हवा होता.

"हा मिळणार?"

"नाही," मी म्हटलं.

"मग काय मिळणार?"

"आधी काहीच नाही. आधी चालायचं."

"चालता येतं आम्हाला," एक जण म्हणाला आणि चालून दाखवत निघूनच गेला. त्याच्यामागे बाकीचे.

"जरा गोड बोलावं माणसाने," काका म्हणाले. "बसमध्येसुद्धा आधी चढवतात, मग पुढं सरका म्हणतात."

मग आम्ही घरोघर गेलो. न्हाव्याच्या जुळ्यांपैकी एकालाच यायचं होतं, पण त्यांची आई म्हणाली, "न्यायचे तर दोघांना न्या. एक गेला तर दुसरा इथे कपाट अंगावर पाडून घेईल." बेकरीवाल्याचा मुलगा इतका उंच आणि अबोल होता की त्याला सगळे लांबूडका म्हणत. त्याने काही विचारलं नाही, नुसते बूट घातले आणि आमच्याबरोबर निघाला. आणि मग भोंगा. ही एक मुलगी, आवाजावरून नाव पडलेलं. तिच्या आजीने आमचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "न्या बाई. आत्ता न्या. उशीर झाला तरी चालेल."

भोंगा जिना उतरता उतरता म्हणाली, "ताई, तुमच्यात गप्प बस म्हणतात का?"

"वाजवताना बोलता येत नाही."

"आणि वाजवत नसताना?"

"चालताना पण नाही."

ती थांबली, विचारात पडली, आणि मग आलीच. अशा चौकशा करत, जिने चढत-उतरत, नाही-हो ऐकत, दोनाच्या चार रांगा झाल्या. चौथी रांग पूर्ण झाली त्या दिवशी काकांनी डेपोपासून घरापर्यंत तोंडाने ड्रम वाजवला.

तालीम बसडेपोच्या मागे व्हायची, टायरांच्या जुन्या खोलीत. टायर कधीच गेले होते, वास राहिला होता. भिंतीला फळ्या, फळ्यांवर वाद्यं, कोपऱ्यात माउथपीस उकळायचं पातेलं. आमच्या बँडची एक रीत होती, ती बाकीच्या बँडांना हास्यास्पद वाटायची. नवीन मुलाला वाद्य द्यायचं नाही आणि तोंडाने डावा-उजवाही म्हणायचं नाही. मास्तर पुढे चालणार, मुलं मागे, नजर पुढच्याच्या टाचेवर. टाच उचलली की उचल, टेकली की टेक. बाबा म्हणायचे, आकडा डोक्यातच राहतो, पायात उतरत नाही. टाच पाहून शिकलेलं पाऊल मात्र झोपेतही चुकत नाही. मीही तशीच शिकले होते, त्यांच्या तपकिरी बुटांच्या मागे.

आता मी पुढे चालायला लागले. माझ्यामागे ती सगळी. खोलीभर फक्त बुटांचा आवाज. शेवटी थोडा वेळ ओठ थरथरवायचा सराव, ट्रम्पेटसाठी लागतो तो. त्यावरून तक्रारी आल्याच. "घास तोंडात असताना फुर्र करतो," जुळ्यांची आई म्हणाली. "भिंत बघायला या माझी."

पण पावलं! मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर बसली. आधी मागे नुसता कालवा असायचा, टपटप, खरखर, कोणाचा तरी बूट कोणावर. मग एके दिवशी तो आवाज जुळून आला. माझं एक पाऊल आणि मागे एकच पाऊल. जुने वाजवणारे उभे राहून बघत होते. इतकं एकसारखं पाऊल मी बाबांच्या वेळीही ऐकलं नव्हतं. काकांनी ड्रमचा ठेका धरला आणि तोही त्यात बरोबर बसला. त्या दिवशी घरी येऊन मी खुर्चीत बसले. आईने दोनदा वळून पाहिलं.

पहिली एकत्र तालीम शहराबाहेरच्या मैदानावर होती. सगळे बँड एकामागे एक. ताल प्रत्येकाने आपला धरायचा नव्हता. सर्वांत पुढच्या बँडचा मोठा ड्रम लाउडस्पीकरवरून मैदानभर ऐकू येणार होता, त्यावर सगळ्यांनी चालायचं. आमच्यामागे नेमके पीटीचे सर. नवीन मुलांना गणवेश दिले होते, आणि चालताना हातात वाद्य धरायला पहिल्यांदाच परवानगी होती, वाजवायला नाही. एकट्या लांबूडक्याला चार सूर जमायला लागले होते, म्हणून तो शेवटच्या रांगेत ट्रम्पेट तोंडाला लावून होता.

निघालो. मी पुढे होते, त्यामुळे मला काही दिसत नव्हतं. मला फक्त एवढं जाणवलं की लाउडस्पीकरवरचा ड्रम कानाला टोचतोय, जणू कोणीतरी घाई करतंय. मग मागून शिट्टी. मग धातू आपटल्याचा आवाज.

वळले तर सरांची पहिली रांग आमच्या शेवटच्या रांगेवर चढलेली. लांबूडक्याच्या पाठीला धक्का बसला होता, ट्रम्पेटचं माउथपीस ओठात घुसलं होतं. पांढऱ्या हातमोज्यावर रक्त. तो रडत नव्हता, ट्रम्पेट पुसत होता.

"ताई, तुमची पलटण पायात काटा घेऊन आलीय का?" सर म्हणाले. ते चिडले नव्हते, घाबरले होते. "माझी पोरं सरळ येतायत आणि तुमची मागे मागेच राहतायत. धडकणार नाहीत तर काय?"

समितीच्या बाईंनी आमच्या मागच्या रांगांतल्या मुलांना एकट्यांना चालायला लावलं. थोडं अंतर गेल्यावर म्हणाल्या, "बघा. उजवा पाय टेकायला वेळ लागतोय आणि पडतोही जवळ. सगळ्यांचाच." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. नाही जमलं तर मुलं सरांकडे. मला तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण दात मुलांचे आहेत."

त्यात खोटं काही नव्हतं.

दवाखान्यातून लांबूडक्याला घरी सोडलं, ओठाला टाके पडले होते, आणि दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना टायरांच्या खोलीत उभं केलं. मला कारण कळलं होतं, असं मला वाटत होतं. तीन वर्षांपूर्वी बाबा टेलिफोनच्या खांबावरून पडले होते. कंबर सांधली, पण उजवा पाय मागे राहायला लागला. काठी घेतली नाही. "बँडमास्तरच्या हातात एकच काठी शोभते," म्हणायचे. तसेच लंगडत ते शेवटपर्यंत बँडपुढे चालले. तेव्हा जुन्या मुलांनी त्यांच्या टाचा बघून तो दोष उचलला, आणि आता जुन्यांचं बघून नव्यांनी. माझा हिशेब चोख होता.

"जुन्यांनी आधी चाला. एकेकाने."

क्लॅरिनेटवाली चालली. सरळ. साइड ड्रमवाला चालला. सरळ. झांजवाला, ट्रम्पेटवाले, सगळे आखल्यासारखे सरळ चालले. त्यांचे पाय बाबा पडायच्या आधीच घडले होते.

"आता नवीन."

जुळे चालले. उजवा पाय उचलला, हवेत किंचित थांबला, टाच टेकली, मग घाईने पंजा. दोघांचाही तसाच. लांबूडका चालला, ओठाला पट्टी लावून, तसाच. भोंगा चालली. तिचा तर सर्वांत छान.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

खोलीत एवढी शांतता भोंगाला झेपण्यासारखी नव्हती.

"ताई, तुम्हीच की."

"मी?"

"उजवा असा थोडा थांबवायचा आणि मग झट्. तुम्ही करता तसा. आम्ही घरी पण सराव केला. जुळ्यांना येत नव्हता, मी शिकवला."

"आम्हाला पहिल्याच दिवशी आला होता!" एक जुळा ओरडला.

"तुला आला होता, याला नाही!"

"ए, मला पण आला होता!"

त्यांची जुंपली. काका ड्रमच्या दोऱ्या आवळत होते. दोऱ्या आधीच आवळलेल्या होत्या.

"काका."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी दोरी सोडली नाही. "पहिल्या दिवशी तू पुढं झालीस ना, मला वाटलं तुझा बाबाच उठून आला. काय सांगणार होतो मी? ठोकाच जरा उशिरा द्यायला लागलो. म्हातारं माणूस चढत असलं की गाडी कशी थांबवून धरतो आपण, तसं." मग मान वर न करता म्हणाले, "तिकडं दुसऱ्याचा ड्रम असेल हे डोक्यातच आलं नाही."

मी घरी चालत निघाले. मोठ्या रस्त्यावर कपड्यांच्या दुकानाची लांबच लांब काच आहे. तिच्यात मी स्वतःकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. मग मागे फिरून पुन्हा काचेवरून गेले. दुकानदाराला वाटलं असेल काहीतरी घ्यायचंय.

डॉक्टरांनी बाबांना रोज संध्याकाळी चालायला सांगितलं होतं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. मी माझ्या चालीने चालले की हात घसरायचा, मग ते काही न बोलता पुन्हा ठेवायचे. म्हणून मी माझं पाऊल त्यांच्या पावलात घालायला लागले. ते थांबले की थांबायचे, टेकले की टेकायचे. दोन वर्षं. हात घसरायचा बंद झाला एवढं मला आठवतं. बाकी काही शिकतेय असं कधी वाटलं नाही.

घरी आल्यावर मी खडूने गॅलरीत सारख्या अंतरावर रेघा मारल्या आणि त्यांवरून चालायला लागले. आई भाजी निवडायची थांबली.

"हे काय नवीन?"

मी सांगितलं. लंगडणं कुठून कुठे गेलं ते, आणि आठवड्याची मुदत. तिने ऐकून घेतलं.

"राहू दे ना," ती म्हणाली.

"काय राहू दे?"

"चालणं. आहे तसं. कोणाचं काय अडलंय?"

"बँड अडलाय, आई."

"बँड काय. पोरं इथे नाही तर तिथे वाजवतील." तिने एक जुडी सोडली, पुन्हा बांधली. "तू जिन्याने वर येतेस ना संध्याकाळची. मला इथवर ऐकू येतं, त्यांच्यासारखं. मी दार उघडून ठेवते. बेल वाजेपर्यंत थांबत नाही, तुझ्या लक्षात आलं असेल."

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं दार सताड उघडं टाकायची तिला नवीन सवय लागलीय, आणि त्यावरून मी तिला दोनदा बोललेही होते.

"बेल वाजली की मग ती तूच असतेस," आई म्हणाली आणि भाजी उचलून आत गेली.

मी रेघा पुसल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांवरून पुढे चाललेही नाही. दुसऱ्या दिवशी तालमीला गेले नाही. छापखान्यातून निघाले आणि बाजारात फिरत राहिले, काहीही विकत न घेता. एकदा वाटायचं, आईचं बरोबर आहे, पोरं कुठेही वाजवतील. लगेच वाटायचं, त्या खोलीला कुलूप लागलं तर संध्याकाळी ही वाट कोण तुडवणार. घरी जाताना जिन्याशी आले आणि ऐकत ऐकत चढले, माझंच पाऊल. दार उघडं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे, आणि दोघींना उगाचच लाज वाटली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी लांबूडका छापखान्यात आला. दारातून आत येताना वाकला. पट्टीमुळे त्याचं बोलणं अर्धंच बाहेर येत होतं, तसंही तो अर्धंच बोलायचा.

"ताई, ओठ बरा होईपर्यंत झांज वाजवू का?"

"सरांनी बोलावलंय ना तुला? ते लगेच ट्रम्पेट देतात म्हणे."

"हो. जाऊन आलो."

"मग?"

"ते ओरडून मोजतात. कोणी मोजायला लागलं की मला वाजवता येत नाही." त्याने पट्टी सारखी केली. "आपल्यात शांत असतं. तुम्ही काल आला नाहीत. काकांनी दार उघडलं, पण नुसतेच बसले. भोंगा पण बोलली नाही."

भोंगा बोलली नाही हे ऐकून मांडणीच्या बाईसुद्धा वळल्या, आणि त्या भोंगाला ओळखतही नव्हत्या.

मी त्याच पावली निघाले. खोलीत गेल्याबरोबर खडू काढला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघा मारल्या.

"आजपासून टाचेकडे बघायचं नाही," मी म्हटलं. जुन्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे म्हणजे आमच्या बँडमध्ये देवाला बूट दाखवण्यासारखं होतं.

"मग कुठे बघायचं?" भोंगा.

"समोर."

"समोर काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही ते कसं बघणार?"

काका उठले आणि ड्रम घेऊन समोरच्या भिंतीशी उभे राहिले. "हे बघा. चांगला मोठा आहे. नाही दिसला तर चष्मा लावा."

मी पुढे उभी राहिले नाही. रांगेत घुसले, जुळ्यांच्या मध्ये. काकांनी ठोका दिला, या वेळी खरा, आणि आम्ही सगळे चुकलो. मग पुन्हा. रेघ कधी पावलाखाली यायची, कधी नाही. उजवा पाय हवेत गेला की त्याला थांबायचंच असायचं. मला कळलं की नुसता पाय नाही, माझा उजवा खांदाही त्या क्षणी खाली जातो, वजन घ्यायला तयार होतो. आणि वजन येत नाही.

"ताई, उजवा!" डावा जुळा.

"ताई, पुन्हा उजवा!" उजवा जुळा.

"ताईंना सगळ्यात मागे टाका, त्या बिघडवतायत," भोंगा म्हणाली. क्लॅरिनेटवाली हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. मी सगळ्यात मागे गेले.

उरलेला आठवडा हेच चाललं. मुलं माझ्या आधी सुटली. तो झटका ती जेवढ्या मानाने शिकली होती, तेवढ्याच सहज त्यांनी टाकून दिला. माझ्या पोटऱ्या नव्या ठिकाणी दुखायला लागल्या. रस्त्यात, छापखान्यात, दूध आणायला जाताना मी मनात रेघा मारत चालायचे. घरी मात्र जिना तसाच चढायचे. दार उघडं असायचं. त्या आठवड्यात आम्ही दोघीही त्यावर काही बोललो नाही.

दुसऱ्या तालमीला मैदानावर मी पुन्हा पुढे होते. मागे वळून बघता येत नाही ही बँडमास्तरची शिक्षा आहे. लाउडस्पीकरवरचा ड्रम सुरू झाला. या वेळी तो कानाला टोचला नाही, पायाखाली आला. मागे एकच पाऊल पडत होतं, सपाट, कोणाचंही असू शकेल असं. मैदानाचं वळण आलं, गेलं. शिट्टी वाजली ती थांबायची. शेवटच्या रांगेत झांज घेतलेल्या लांबूडक्याच्या आणि सरांच्या पहिल्या पोराच्या मध्ये सुरुवातीला होतं तेवढंच अंतर होतं.

"जमलं की हो," सर म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. समितीच्या बाईंनी मान डोलावली आणि मागच्या बँडकडे गेल्या. जुळे एकमेकांच्या अंगावर पडले. भोंगा अशी ओरडली की पुढच्या बँडचा ड्रमवाला दचकून वळला.

परतताना काका ड्रम पाठीवर घेऊन माझ्याशेजारी चालत होते. मुलं पुढे पळाली होती.

"बरं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मला पण."

घराशी आले तेव्हा अजून उजेड होता. मी जिन्याच्या तळाशी थांबले. नवीन चाल अजून पुरती माझी झाली नव्हती. लक्ष काढून घेतलं की उजवा पाय आपोआप जुन्या वळणावर जायचा. नुसतं लक्ष काढून घ्यायचं होतं. काही ठरवायचीही गरज नव्हती. पण पुढच्या रविवारी संचलन होतं, आणि मागे मुलं असणार होती. इथे एक आणि तिथे दुसरं, असं पाऊल राहत नाही, हे त्या आठवड्यात पोटऱ्यांनी मला शिकवलं होतं. मी सरळ चढले.

दार बंद होतं. मी उभी राहिले. मग बेल वाजवली.

"कोण?" आतून आईचा आवाज.

"मी."

कडी निघायला वेळ लागला. आईने दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे.

"पास?"

"हो."

"पोराचा ओठ?"

"टाके निघाले. झांज वाजवतोय."

"बरं झालं." ती आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. मी पाणी प्यायले. ती तशीच बसून होती. "एकदा चालून दाखव," ती म्हणाली.

कसं, ते मी विचारलं नाही. दारापासून खिडकीपर्यंत गेले, उजवा पाय थांबवत. परत आले.

"छे. नाटकातल्यासारखं वाटतं."

पुन्हा गेले. या वेळी खांदाही खाली नेला. मलाच कळत होतं की ते येत नाहीये. दोन वर्षं नकळत आलेलं मुद्दाम करायला गेले तर नुसती नक्कल होत होती.

"नाही," आई म्हणाली. "उजवा टेकायच्या आधी ते श्वास धरून ठेवायचे. दुखायचं ना. मग टेकला की सोडायचे. ते तू कधी केलंच नाहीस."

"कधीच?"

"कधीच नाही. तुला कुठे दुखत होतं?"

मी तिच्याशेजारी बसले. "मग इतके दिवस दार कशाला उघडत होतीस?"

"अगं, पहिल्या काही पायऱ्यांना तू आहेस की ते, नाही कळायचं. मग कळायचं. तोवर मी उठलेली असायचे." तिने गुडघे चोळले, उठायची तयारी केली, आणि उठलीच नाही. "उद्यापासून किल्ली घेऊन जात जा तू. प्रत्येक वेळी कोण, कोण, विचारत दारापर्यंत यायचं मला होत नाही आता."